दाजींच्या वहीत नसलेला शब्द

साताऱ्याहून निघताना बायकोने डबा दिला, पाण्याची बाटली दिली आणि बजावलं, "तिथं जाऊन मास्तरकी करू नका." तेहतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे मांजराला दुधाकडे बघू नकोस म्हणण्यासारखं. मी हो हो म्हणालो आणि गाडीत बसलो.

नागपूरला माझी थोरली बहीण, सुमनताई, राहते. तिची मुलगी मृणाल कॅनडात असते आणि तिचं पहिलं बाळंतपण आलं होतं. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी येते. पण डॉक्टरांनी तिला एवढा प्रवास नको म्हणून सांगितलं, तेव्हा दाजी, म्हणजे ताईचे यजमान, म्हणाले होते, "मंग माहेरच तिकडं नेऊ!" नवराबायकोने पासपोर्ट काढले, तिकिटं काढली, सक्करदऱ्याला इंग्रजी बोलण्याचा क्लासही लावला. आणि तिकिटं हातात आल्यावर महिन्याभरात दाजी धंतोलीच्या एका दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत. आता माहेर एकट्या ताईलाच न्यायचं होतं. तिला विमानात बसवून देण्यासाठी मी निघालो होतो.

नागपूर स्टेशनबाहेर आलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि ऊन आत्ताच डोळ्यांवर येत होतं. ताई राहते त्या बेसा भागाचं नाव ऐकताच ऑटोवाल्याने बॅग उचलून आत ठेवली.

"कुठून आले काका? लग्नाले का?"

"नाही. साताऱ्याहून आलोय, बहिणीला विमानतळावर सोडायला."

"त्याच्यासाठी साताऱ्याहून काहून आले? सोडाले मी होतो नं!"

मी हसलो. पण ऑटो धंतोलीत शिरला आणि हसू गेलं. ओळीने दवाखाने, औषधांची दुकानं, गावाकडून आलेली माणसं फुटपाथवर डबे सोडून जेवत बसलेली. यातल्याच कुठल्यातरी फुटपाथवर ताईही बसली असेल. मी त्या वेळी साताऱ्यात होतो, याची लाज वाटली.

ताईने गोळाभात (भातात शिजवलेले डाळीचे तिखट गोळे) केला होता. वरून कडकडीत तेल घातलं आणि म्हणाली, "खा पोटभर. या घरात आता उरतेच रोज." चाळीस वर्षांत तिची बोली पार नागपुरी झाली आहे. जेवून ती डिंकाचे लाडू बांधायला बसली आणि मी जेवणाच्या टेबलावरची एक शंभर पानी वही उघडली.

ती दाजींची होती. डावीकडे प्रवासाचे इंग्रजी शब्द देवनागरीत, उजवीकडे अर्थ. 'पॅसेंजर – आपण दोघं.' 'विंडो सीट – सुमनले.' 'आइल सीट – मले, पाय आखडते.' 'ट्रिप – रामटेकले जाऊन येणं.' 'जर्नी – हे आताचं.' 'ट्रान्झिट – उतराचं, पण पोचलो समजाचं नाही.' 'अरायव्हल – मृणाल दारात उभी.' पुढच्या पानांवर तिकडच्या विमानतळावरचा अधिकारी विचारतो ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं होती. अर्धी वाक्यं लंगडी. पानोपानी हळदीची गोल वर्तुळंही उमटलेली.

माझ्या खिशात लाल पेन असतो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, खोड जात नाही. ताई लाडू बांधून हात धुऊन येईपर्यंत मी अकरा पानं तपासली होती. एकेका वाक्यावर फुली मारून वर बरोबर वाक्य लिहिलं होतं आणि समासात 'नीट पाहा' असा शेराही दिला होता.

तिने वही हातात घेतली. एकेक पान उलटत गेली.

"तू हे काहून केलंस गा?"

"अगं, चुका होत्या..."

"होत्या तर होत्या. त्यायच्या हातचं तेवढंच उरलं होतं."

मग तिने सांगितलं. रोज संध्याकाळी दाजी या टेबलापलीकडे अधिकारी होऊन बसत, ती हातात पिशवी घेऊन समोर उभी राही. उत्तर बरोबर आलं की दाजी भाजीची वाटी पानावर आपटून शिक्का मारत. ती हळदीची वर्तुळं म्हणजे ते शिक्के होते. बायकोचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आयुष्यात क्वचित वाटतं. तेव्हा फार वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत सक्करदऱ्याच्या क्लासला गेलो. ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. तलावाकाठून चालताना एक बाक दिसला. "क्लास सुटला का इथं बसून शेंगदाणे खात होतो," एवढंच म्हणाली आणि न थांबता पुढे गेली.

क्लासच्या मॅडम पंचविशीतल्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. "काका, काकूंले सगळं येते. फक्त एका प्रश्नाले अडतात. तिकडं उतरल्यावर तो हमखास विचारतात. उत्तर चुकलं तर बाजूला बसवून ठेवतील, अन् पुढचं काकूंले झेपणार नाही."

मग त्यांनी ताईला समोर उभं करून विचारलं, "हू आर यू ट्रॅव्हलिंग विथ?"

"विथ माय हजबंड," ताई म्हणाली. ताठ मानेने, दाजींनी पाठ करून घेतलं होतं तसं.

मॅडमनी हळूच सांगितलं, "अलोन म्हणा, काकू." ताईने वही मिटली. पुन्हा सांगितलं, तिने वही पिशवीत टाकली.

निघायचा दिवस आला. सामानात लाडू, अळीव, बाळंतविड्याची झबली. सोनेगावच्या विमानतळावर दाराशी जवान उभा होता. तिकीट आणि ओळखपत्र बघून त्याने विचारलं, "माताजी, कितने लोग?"

"टू," ताई पटकन म्हणाली. "हजबंड अँड वाइफ."

जवानाने माझ्यापुढे हात केला. "आपका टिकट?"

मी रिकामे हात दाखवले. म्हणालो, "मैं भाई हूँ. मैं नहीं जा रहा."

"तो हजबंड किधर है?"

त्याची काही चूक नव्हती. मागची रांग खोळंबली होती. ताई बाजूला झाली आणि आपल्याच बॅगेवर बसली. दाजी गेल्यापासून दोन महिन्यांत रडली नव्हती म्हणे, तिथे रडली. मी शेजारी नुसता उभा राहिलो. मग तिने पदराने डोळे पुसले आणि वही काढली.

"मॅडम सांगत होती तो शब्द लिहून दे. त्यायनं लिहिला नाही तो."

"ताई, माझ्याकडे लालच पेन आहे."

"लालच असू दे. तुह्याही हातचं जाऊ दे संगं."

दाजींच्या शेवटच्या ओळीखाली मी 'अलोन' लिहिलं. पुढे आडवी रेघ काढली आणि अर्थ लिहायला लागलो, तशी तिने वही ओढून घेतली.

"अर्थ राहू दे गा. तो मले येते."

ती पुन्हा दाराशी गेली आणि जवानाला एक बोट दाखवलं. काचेपलीकडे तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी हात हलवत होतो. तिने मागे वळून पाहिलं नाही, ते बरंच झालं.

परतीच्या गाडीत मांडीवर संत्राबर्फीचा डबा होता आणि काम काही नव्हतं. जर्नी, ट्रिप, टूर, व्हॉयेज यांतला फरक मी दरवर्षी फळ्यावर लिहायचो, पोरं उतरवून घ्यायची. दाजींनी तो माझ्यापेक्षा चांगला लिहिला होता. त्यावर मी फुल्या मारून आलो होतो.

साताऱ्यात पोचल्यावर दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. "पोचली गा. मृणाल दारात उभीच होती."

"आणि तो प्रश्न? विचारला का?"

"विचारला."

"वही उघडलीस?"

"नाही. तो शब्द पाठ झाला होता."

शाबास म्हणायला मी तोंड उघडलं. विद्यार्थ्याचं उत्तर बरोबर आलं म्हणून मला रडू आलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.