चाळीस नंबर कुणालाही मिळणार नाही

आमच्या घरात कुणी दृष्ट काढायला लागलं, की मी वैतागून गॅलरीत जाऊन उभी राहते. वीस वर्षं नेटवर्कचं काम करतेय. दिवा लागला म्हणजे कुठेतरी वायर असतेच, एवढंच मला कळतं. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिते.

मी नवीन पनवेलला राहते. नोकरी उरण रस्त्यावरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये, गोठवलेल्या कोळंबीच्या. मागच्या वर्षी नवीन राउटर आला तेव्हा मॅनेजर सावंतसाहेब म्हणाले, "मॅडम, सगळ्या मशीनचे आयपी नंबर डायनॅमिक करून टाका. राउटर देईल तो नंबर. तुमची ती नंबर लिहायची वही बंद!"

मी म्हटलं, कॉम्प्युटर, मोबाईल खुशाल करा. पण प्रिंटर, कॅमेरे आणि कोल्डरूमची घंटा यांना स्टॅटिकच हवा, कायमचा ठरलेला. रोज पत्ता बदलणाऱ्याला हाक कुठे मारायची?

घंटा म्हणजे काय, तर आत कुणी अडकलं की भिंतीवरचं बटण दाबायचं. बटणाची वायर बाहेरच्या एका डब्याला, डबा नेटवर्कवर, नंबर चाळीस. बटण दाबलं की माझ्या स्क्रीनवर चाळीस लाल होऊन वाजायला लागतो.

मे महिन्यात तो डबा जळला. मी तो काढून माझ्या ड्रॉवरमध्ये टाकला, बटणाची वायर कापून टोकाला काळी टेप लावली आणि दारावर 'एकट्याने आत जाऊ नये' असा कागद चिकटवला. नवीन डबा यायला आठवडा होता.

"तोवर चाळीस नवीन प्रिंटरला द्या ना. रिकामाच आहे," साहेब म्हणाले.

"नाही देणार."

चांगलंच वाजलं आमचं. मी हटले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी जागेवरच पोळीभाजी खात होते, आणि चाळीस लाल झाला. वाजायला लागला! पहिला विचार काय आला सांगू? साहेबांनी माझ्यामागे नंबर प्रिंटरला दिला! तणतणत जाऊन बघितलं — प्रिंटरचा नंबर वेगळाच. परत येऊन ड्रॉवर उघडला. डबा आतच. जळका, एकही वायर नाही. आणि स्क्रीन वाजतेच आहे...

मग मात्र मी विचार सोडला आणि कोल्डरूमकडे पळत सुटले.

आत जनाबाई. खोके लावणाऱ्या बायकांतली. बाकीच्या जेवायला गेल्या आणि ही उरलेला एक खोका ठेवायला एकटीच आत शिरली. आतलं हँडल बर्फाने अडकलेलं. ओठ निळे पडले होते बिचारीचे. वॉचमनच्या मदतीने तिला बाहेर आणलं, गोधडीत गुंडाळलं, चहा पाजला.

"बटन दाबून दाबून बोट दुकलं," ती म्हणाली. "मना वाटलं, कोनी ऐकतच नाय. तुमी आलाव गो बाय..."

मी उठून वायर बघून आले. माझी टेप जशीच्या तशी होती.

सिस्टीमच्या नोंदीत चाळीस वाजल्याची वेळ आहे. कोणत्या मशीनने वाजवलं, ती जागा कोरी. माझ्या लाइनमधल्या तिघांना दाखवलं. तिघंही म्हणाले, "काहीतरी ग्लिच असेल." मलाही दुसरं काही सुचत नाही, आजही नाही.

आता नवीन डबा बसलाय. नंबर चाळीसच, कायमचा. दर सोमवारी हँडल मी स्वतः उघडून बघते, आणि वहीबद्दल साहेब चकार शब्द काढत नाहीत.

जनाबाई आत जाताना बटणावर एकदा हात ठेवते. "यानीच वाचवलं मना," म्हणते. त्या दिवशी त्याची वायर तुटलेली होती, आणि ती मीच कापली होती, हे तिला सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.