हसनच्या दोरीचा हामूर

हे ऐकायचा पहिला हक्क कुलसुमचा होता. माझी बायको ती. गेली. तिला सांगितलं नाही, म्हणून मग कुणालाच सांगितलं नाही. तुम्हाला आज सांगतोय तेसुद्धा डोकं फिरलंय म्हणून. परवा तिच्या चाळिसाव्याला माणसं जमली, जेवणं झाली, आणि माझा मुलगा सगळ्यांसमोर उभा राहून म्हणतो, "अब्बांनी दुबईच्या खाडीत एवढा हामूर पकडला होता, एवढा!" आणि दोन्ही हात पसरले. अरे, आई गेली तुझी, आणि तू मासा काय दाखवतोस?

पण त्याचा तरी काय दोष? पोरं हीच गोष्ट ऐकत मोठी झाली.

सांगणारी कुलसुम. मी कधी तोंड उघडलं नाही. लग्न झालं त्या वर्षी तो मासा हातभर होता. मुलगी झाली तेव्हा माणसाएवढा झाला. नातवंडं "दादी, हाऊ बिग?" विचारायला लागली तोवर तो दारातून आत मावेना. मी वैतागायचो. म्हणायचो, "बस कर गं, कुजला तो मासा." तर ती पाहुण्यांना सांगायची, "बघा, स्वतःची तारीफ याला ऐकवत नाही. इतका गरीब माणूस." गरीब! खरं बोलायचं होतं— तेच बोललो नाही.

तर मुद्दा. येतो, येतो.

साठ-बासष्ट सालची गोष्ट. दुबई म्हणजे तेव्हा खाडी, लाँचा, गोदामं आणि घाम. मी चौथी शिकलेला, रत्नागिरीकडचा. हसन माझ्याच गावचा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. आमच्यापासून तिसऱ्या घरातला. दोघे एकाच अरबाकडे हमाली करायचो. मालकाला तिथं अरबाब म्हणतात. एका खोलीत झोपायचो, एका थाळीत जेवायचो. माझं मीठ जास्त पडलं तरी हसन म्हणायचा, बरं झालंय. असा माणूस. अशा माणसाबरोबर राहणं सोपं असतं असं वाटतं ना तुम्हाला? राहून बघा.

पावसाळ्याआधीची शेवटची लाँच निघायची होती. ती चुकली की समुद्र बंद, नारळी पुनवेपर्यंत गाव विसरायचं. अरबाबने आधीच सांगितलं होतं, दोघांपैकी एकालाच सोडीन, एक इथं पाहिजे. कुणाला? "इन्शाल्ला, बघू." हसनची आई अंथरुणाला खिळली होती. डोळ्यांनी दिसत नव्हतं, ती फक्त त्याचं नाव घ्यायची. माझं काय होतं? कुलसुमच्या बापाने निरोप धाडला होता— या उन्हाळ्यात निकाह लावत असशील तर बोल, नाहीतर चिपळूणचं स्थळ तयार आहे.

त्या शुक्रवारी सुट्टी होती. नांगरलेल्या लाँचवर आम्ही पाण्यात गळ सोडून गरवायला बसलो. तिथली एक रीत होती. कुणाला मोठा मासा लागला की तो कापायचा नाही, अख्खा अरबाबच्या घरी न्यायचा. तो खूश झाला की म्हणायचा, माग काय हवं ते. त्याच्याकडे त्या दिवशी पाहुणे होते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. बोललो मात्र कुणीच नाही. आणि आमच्या गावची रीत त्याहून जुनी— ज्याची दोरी, त्याचा मासा. ओढणारा कुणीही असो.

असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची वेळ झाली. हसन उठला, वजू केली, आणि आपली दोरी माझ्या हातात दिली. "धर रे जरा. तू काय उठणार नाहीस, ठाऊक आहे." हसला. मी नमाजात आळशी होतो, खरंच होतं ते. तो लाँचच्या मागच्या अंगाला जाऊन उभा राहिला.

आणि दोरी गेली.

माशाने असा हिसका दिला की तळवे फाटले. हामूर, आपल्याकडे ज्याला गोबरा म्हणतात तो. ओढत आणला, लोखंडी आकडा अडकवला आणि फळ्यांवर आपटला. धडाधड शेपूट मारत होता. हसनने मान वळवली नाही. ऐकलं नसेल? बहिरा होता काय? ऐकलंच असेल. पण नमाज तोडला नाही त्याने. मी असतो तर तोडला असता. धावत आलो असतो. आला असता तर हे काही झालंच नसतं— असं कितीतरी वर्षं मी त्याच्यावर चिडत आलोय. बघा माझी लाज! नमाज पुरा केला म्हणून त्याच्यावर चिडतो मी.

तो सजद्यात होता. मी माशाकडे बघत होतो. हाक मारून सांगावं, हसन, तुझी दोरी. नाहीतर आकडा काढून परत पाण्यात ढकलावा— तुझाही नको, माझाही नको, अरबाबला ठरवू दे. खरंच आलं होतं हे मनात. हात लावला पण त्याला, ढकलायला. मग चिपळूण आठवलं. सुरी घेतली, गळाच्या वर हसनची दोरी कापली, आणि त्या गळाला माझी दोरी बांधली. बोटं रक्ताळलेली, गाठ बसत नव्हती. तरी बांधली. त्याच्या दोरीचं तुटलेलं टोक पाण्यात सोडून दिलं.

हसन आला. "माशाल्ला! कुणाला लागला?"

"मला."

एवढंच बोललो. एक शब्द.

त्याने दोरीकडे पाहिलं नाही. माशाशेजारी बसला, जबडा उघडला, हात घालून गळ सोडवला. चांगला गळ तिथं सहज मिळत नसे, म्हणून कुणी माशाबरोबर जाऊ देत नसे. हसन आपल्या गळांच्या मानेला लाल सूत गुंडाळायचा. तोच गळ. लाल सूत. त्याने तो पाण्यात खळबळून धुतला, बोटात धरून पाहिला— बराच वेळ पाहिला— आणि माझ्या हातावर ठेवला.

"ठेव. चांगला गळ आहे."

शिवी द्यायची ना! कानफटात मारायची! एकदा तरी? मी तयार होतो. मार खाऊन सगळं परत द्यायला तयार होतो, आईशप्पथ. पण त्याने मासा एका बाजूने उचलला आणि म्हणाला, "चल, यल्ला, वास येईल." दोघांनी मिळून अरबाबच्या दारात नेला. अरबाब म्हणाला, माग. हसन माझ्या शेजारी उभा होता. मी लाँचमधली जागा मागितली. "खलास," अरबाब म्हणाला. म्हणजे ठरलं.

हसनने आईसाठी खजूर बांधून दिले माझ्याजवळ.

गावात उतरलो आणि ते द्यायला गेलो. म्हातारीने माझा हात चाचपला. "हसन नाय आला?" मी म्हणालो, "लाँचमध्ये जागा नव्हती, चाची." ती म्हणाली, "तू बसशील जरा?" मी म्हणालो, येतो परत. गेलो नाही. तिसरं घर— निकाहाच्या धावपळीत रोज त्या दारावरून जायचो, मान खाली घालून. ऐन पावसात ती वारली. खांदा दिला मी. हसनला कळायला महिना लागला.

पुढे तो आमच्या घरी कितीदा आला, जेवला. कुलसुम त्याच्यासमोर गोष्ट सांगायची. विचारायची, "हसनभाय, तुम्ही होतात ना तिथं? केवढा होता हो?" हसन भात कालवत म्हणायचा, "होतो भाभी. मोठा होता." माझ्याकडे बघायचा नाही. तोही जाऊन आता बरीच वर्षं झाली.

मासा त्याचा होता. जागा त्याची होती. मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. आंधळी म्हातारी जरा बस म्हणाली, तेवढंही मी केलं नाही.