भाऊजींची दोनशे काडतुसं

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका दारूत आकंठ बुडालेला माणूस साऱ्या शारजात दुसरा नव्हता. शारजात दारूबंदी आहे हे मलाही ठाऊक आहे, पण भाऊजींची दारू बंदुकीची. पुण्याजवळच्या सरकारी दारूगोळा कारखान्यात वीस वर्षं काढून ते शारजाबाहेर, वाळवंटाच्या तोंडाशी असलेल्या एका शूटिंग क्लबात लागले होते. स्पर्धेत उतरणाऱ्या नेमबाजांसाठी रायफलीची काडतुसं हातानं भरायची, हे त्यांचं काम. "आमचे हे दिवसभर दारूच भरतात," असं ताईनं एका हळदीकुंकवाला सहज सांगितलं, तेव्हा दोघीतिघींनी तिच्या हातावर हात ठेवून सुस्कारा सोडला होता म्हणे.

मी दुबईत एका बांधकाम कंपनीत होतो आणि भाडं परवडत नव्हतं म्हणून ताईकडे राहत होतो, त्यामुळे भाऊजी मला सकाळ-संध्याकाळ पाहायला मिळाले. त्यांच्या वर्कशॉपमध्ये काचेच्या पेटीत एक नाजूक तराजू होता. हवेचा झोत लागला की त्याचा आकडा हले, म्हणून भाऊजी भर जुलैत एसी बंद करून, गळ्यात टॉवेल टाकून बसत. घरीही तीच तऱ्हा. कॉफीची पूड मोजताना ते पंखा बंद करत आणि आम्ही सगळे घामाघूम होऊन त्या चमच्याकडे बघत राहायचो. "मामा, डॅडी इज वेइंग द कॉफी अगेन," भाची खोलीतून ओरडायची. नेम बसणं न बसणं नेमबाजाच्या नशिबी, पण काडतूस मॅगझिनमधून न अडखळता नळीत जाणं ही आपली जबाबदारी, असं ते मानत. पोलादी साच्यात प्रत्येक काडतूस टाकून बघायचं. आपल्या वजनानं आत गेलं आणि उलटं केल्यावर आपल्या वजनानं बाहेर आलं, तरच पास. बोटानं जरा ढकलावं लागलं की नापास. हा नियम त्यांनी घरातल्या ड्रॉवरांना, बॅगांच्या चेनींना आणि एकदा आमच्या दाराच्या किल्लीलाही लावला. किल्ली कुलपात किंचित अडकली म्हणून हे गृहस्थ तिथंच जिन्यात बसून ती कानशीनं घासू लागले आणि ताई दुधाच्या पिशव्या घेऊन पाऊण तास उभी. "अहो, उघडतंय की कुलूप!" ती म्हणाली. "उघडतंय, पण नाराजीनं उघडतंय," भाऊजी म्हणाले.

या माणसानं जन्मात कधी रायफल झाडली नव्हती. आवाज सोसत नसे. क्लबात कुणी सराव करत असलं की हे कानांवर जाड मफ चढवून, वर बोटंही दाबून मागे उभे राहत.

त्यांची एकच गोष्ट चेष्टेत घेण्यासारखी नव्हती. पन्नास भोकांच्या फळीत काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या उभ्या करून ते एकेकीत दारू ओतू लागले, की कुणी बोलायचं नाही, आत यायचं नाही. मध्ये कुणी टोकलं तर पन्नासच्या पन्नास पुंगळ्या रिकाम्या करून पुन्हा पहिल्यापासून. एखादीत कमी पडून गोळी नळीतच अडकली किंवा दुबार पडली तर झाडणाऱ्याचा हात जायचा, डोळाही जायचा. क्लबाचा प्रशिक्षक एक निवृत्त सिरियन अधिकारी होता, सगळे त्याला कॅप्टन म्हणत. तोसुद्धा दार वाजवून बाहेर थांबे.

मग ते मंदीचं वर्ष आलं. दुबईतल्या क्रेन उभ्या जागी थांबल्या. एका गुरुवारी आमच्या ऑफिसात बारा जणांना आत बोलावून एकेक पाकीट दिलं, त्यात मी होतो. भर दुपारी शारजाचा रस्ता मला पहिल्यांदाच मोकळा मिळाला. घरी गेलो असतो तर ताईनं चेहरा वाचला असता. गाडी कशी वळली कळलं नाही, मी क्लबावर पोचलो आणि दार न वाजवता आत शिरलो.

भाऊजी फळीवर वाकलेले होते.

"भाऊजी, नोकरी गेली," मी म्हणालो.

आता खेकसणार, असं वाटलं. पण त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला, उठले आणि एसी लावला. मला त्यांच्याच खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, एक संत्रं सोलून फोडी पुढे केल्या. "रडायचं तर रड. इथला आवाज बाहेर जात नाही," म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मी शांत झाल्यावर ती फळी त्यांनी पुरी केली, गोळ्या बसवल्या आणि काडतुसं त्या दिवशीच्या बाकीच्यांत मिसळून टाकली. एकूण दोनशे. दुसऱ्या दिवशी संघाची निवड चाचणी होती.

संध्याकाळी जेवताना त्यांचा घास हातातच थांबला.

"सव्विसावी," ते म्हणाले.

"काय सव्विसावी?" ताईनं विचारलं.

"पुंगळी. हा आला तेव्हा ती पुरी भरली होती की अर्धवटच? शेवटी टॉर्च मारून बघतो नेहमी. आज बघितलं का, तेही आठवत नाही."

पानावरून ते तसेच उठले.

सकाळी मी त्यांच्याबरोबर गेलो. नेमबाज जमले होते. भाऊजींनी कॅप्टनला सगळं सांगितलं, फक्त कोण आलं होतं ते सांगितलं नाही.

"हबीबी, दोनशेत एक! तराजूवर टाक, हलकं असेल ते कळेल. यल्ला, चल!" कॅप्टन हिंदीत म्हणाला.

"पितळेचंच वजन कमीजास्त असतं, कॅप्टनसाब. त्यात दारूचा एवढासा फरक लपून जाईल. मी ही देणार नाही," भाऊजीही हिंदीतच म्हणाले.

"आणि चाचणी? चेअरमन यायचेत. त्यांना मी काय सांगू?"

"माझी चूक झाली म्हणून सांगा."

चाचणी पुढे ढकलली गेली. कॅप्टननं रागानं दार आपटलं. भाऊजींनी एकेक काडतूस पोकळ हातोड्यात अडकवून ठोकायला सुरुवात केली. गोळी पुंगळीतून निखळली की आतली दारू तराजूवर, आकडा ते वाचणार, मी लिहिणार. जेवलो नाही. ऊन उतरलं तेव्हा दोनशेवं संपलं.

दोनशेच्या दोनशे बरोबर निघाली.

मला संताप आला. "एवढं सगळं कशासाठी केलं, भाऊजी? सगळी बरोबर होती!"

"हो," ते चष्मा पुसत म्हणाले. "पण सकाळी मला ते माहीत नव्हतं."

दोन महिन्यांनी क्लबानं तयार काडतुसं बाहेरून मागवायचं ठरवलं आणि भाऊजींचा करार पुढे वाढवला नाही. कॅप्टननं मंदीचं कारण दिलं. कदाचित ते खरंही असेल. तोवर मला शारजातल्याच हमरिया भागात पाइपांच्या एका कंपनीत काम लागलं होतं, त्यामुळे जायचं ते त्यांनी आणि राहायचं ते मी, असं झालं.

सामानाची खोकी बांधताना मला राहवलं नाही. "त्या दिवशी मी दार वाजवून बाहेर थांबलो असतो, तर हे झालं नसतं."

भाऊजी खोक्याची कड दाबत होते. वर न बघता म्हणाले, "थांबला असतास? की निघून गेला असतास?"

कुठे गेलो असतो, ते मला आजही सांगता येत नाही. त्या दुपारी मला जायला दुसरी जागा नव्हती.

"मग बरं झालं आत आलास ते," ते म्हणाले. "टेप दे इकडे."

आता ते पुण्यात असतात. मफ लावून, वर बोटं दाबूनही कान शेवटी गेलेच, त्यामुळे फोनवर येत नाहीत. ताईच बोलते. ठेवण्याआधी म्हणते, "हे विचारतायत, बरा आहेस ना?" मी बरा आहे म्हणून सांगतो. ती ते त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगते, आणि त्यांना ऐकू गेलंय की नाही ते कळेपर्यंत मी फोन ठेवत नाही.