मालनबाईंपायी थांबलेली भाकर

मालनबाईंना त्यांच्या ख्रिस्ती मंडळीने वाळीत टाकलं, ही बातमी घोडपदेवच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर निघाली तेव्हा एवढीच होती. पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांच्या गळ्यात चोरून घातलेली सोन्याची चेन सापडली. दुसऱ्यावर तर त्यांनी कुणाच्या तरी घरी बसून टीव्हीवरची अख्खी मालिका पाहिली, तीही रविवारी, असं पक्कं ठरलं.

यातलं काहीही झालं नव्हतं. मालनबाईंना कुणी टाकलं नव्हतं. त्या आपणहून मागच्या बाकावर जाऊन बसल्या होत्या. आणि कारण सोनं नव्हतं. कारण होती शेजारच्या आनंदीबाईंची रूपाली.

मालन जयवंत पाटोळे, वय अठ्ठावन्न, काम ब्लाउज शिवण्याचं. नवरा परळच्या वर्कशॉपातून रिटायर झालेला फिटर, महिन्याला मोजून दहा वाक्यं बोलणारा. ख्रिस्ती म्हटलं की लोकांना केक आणि गिटार आठवते. मालनबाईंच्या मंडळीत दोन्ही नाही. साधी पेटीसुद्धा नाही. चाळीस माणसं नुसत्या गळ्यावर गातात, आणि गातात अशी की प्रार्थनेच्या खोलीखालचा वडेवाला कढईखालचा गॅस बारीक करून ऐकतो. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. बायकांच्या डोक्यावर पदर किंवा ओढणी, अंगावर गुंजभर सोनं नाही, लग्नात अंगठीही नाही, घरात टीव्ही नाही. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. मोठं होऊन, समजून-उमजून स्वतः ‘हो’ म्हणेल तेव्हाच पाण्यात पुरतं बुडवतात. कुणी मारलं तर उलट मारायचं नाही. कोर्टाची पायरी चढायची नाही. आणि शपथ तर मुळीच घ्यायची नाही, कारण रोजचं बोलणंच इतकं खरं हवं की वर शपथेचा टाका घालायची गरज पडू नये.

आता सांगा, ही अट शिवणकाम करणाऱ्या बाईला झेपेल? ‘उद्या देते’ म्हटल्याशिवाय कुठल्या टेलरचा दिवस मावळतो? पण मालनबाईंचा मावळायचा.

“बुधवारी मिळेल?”

“नाही. शुक्रवारी, दिवे लागायच्या आत.”

आणि शुक्रवारी मिळायचाच. एकीने विचारलं, “या रंगात मी जाड दिसते का हो?” मालनबाई टेप गुंडाळत म्हणाल्या, “रंगाचा काही दोष नाही.” तरी बायका त्यांच्याकडेच जायच्या. माप कधी चुकत नसे ना!

तर होळीच्या आठवड्यात रूपालीला करी रोडच्या टॉवरमधलं स्थळ आलं. पोरगी सत्तावीसची, लालबागच्या दातांच्या दवाखान्यात कामाला, हुशार. मुलाकडचे एक मामा-मामी गुपचूप चौकशीला चाळीत उगवले. ही पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि अशा वेळी चाळ एकमुखाने खोटं बोलते. काल जिच्या नावाने बोटं मोडली, ती त्या दिवशी ‘गाय हो, नुसती गाय!’ पण पाहुण्यांनी कडी वाजवली ती नेमकी मालनबाईंची.

“मुलगी स्वभावाने कशी?”

“मनाची चांगली. रागीट आहे.”

“स्वयंपाक?”

“भाकरी येत नाही. शिकेल.”

इथवर ठीक होतं. पण मामी छान ऐकून घेत होत्या, मान डोलावत होत्या, आणि मालनबाईंना रंग चढला. “अहो, एकदा रागाच्या भरात तिने गॅलरीतून तवा भिरकावला! खाली स्कूटर होती, तिला अजून पोचा आहे.” मामी हसल्या. मालनबाई त्यांच्याहून जास्त हसल्या.

स्थळ गेलं. मध्यस्थाने कारण कळवलं, तेही तव्यासकट. आनंदीबाई मालवणकडच्या, मालनबाईंची तीस वर्षांची भिंतीला भिंत शेजारीण. त्या दिवसापासून वाटीभर साखर इकडून तिकडे जाणं बंद झालं, ‘जेवलीस काय गो’ बंद झालं. गॅलरीत समोरासमोर आल्या तरी आनंदीबाई अशा जायच्या, जशी समोर माणूस नाही, वाळत घातलेली चादर आहे.

आणि इथेच मालनबाईंची पंचाईत झाली. त्यांच्या मंडळीत वर्षातून दोनदा प्रभुभोजन असतं, भाकर मोडायची आणि एकमेकांचे पाय धुवायचे. पण त्याच्या आदल्या शनिवारी एक सभा असते. तिथे प्रत्येकाला उभं करून विचारतात, “देवाशी आणि माणसांशी तुमची शांती आहे का?” एप्रिलमध्ये मालनबाई उभ्या राहिल्या. चाळीतली कुणीही बाई ‘आहे’ म्हणून बसली असती.

“देवाशी आहे,” त्या म्हणाल्या. “एका शेजारणीशी नाही.”

आणि रविवारी त्या मागे बसल्या. भाकर नाही, पाय धुणं नाही. त्याचीच चाळीत चेन झाली आणि मालिका झाली.

मंडळीचे वडील, म्हणजे पाळकाचं काम बघणारे गंगाधरभाऊ, एरवी परळला चष्म्याच्या दुकानात बसतात. ते म्हणाले, “बहिणी, जाऊन माफी माग.”

“कशाची? खरं बोलले त्याची? ती माफीच खोटी होईल, भाऊ.”

तरी त्या गेल्या. शब्द नीट कापून, बेतून नेले होते. “वहिनी, तुम्हांला वाईट वाटलं, याचं मला वाईट वाटलं.”

“होय काय?” आनंदीबाई म्हणाल्या. “मगे बस तुझ्या घरात वायट वाटून घेत!” आणि दार असं आपटलं की भिंतीपलीकडे मालनबाईंच्या मशीनवरची रिळं हलली.

दिवाळीच्या तोंडावर दुसरी सभा आली. मालनबाईंचं उत्तर तेच. या खेपेला गंगाधरभाऊंनी पुस्तक मिटलं. “हाताचं एक बोट दुखत असताना बाकीच्या चार बोटांनी घास घ्यायचा? नाही. दोन आठवडे मंडळी थांबेल.”

एका बाईपायी चाळीस माणसांची भाकर थांबली! कुणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच जास्त टोचलं. फक्त अँटॉप हिलहून टॅक्सी करून आलेल्या रखमाबाई, वय एक्क्याण्णव, निघताना मालनबाईंचा हात धरून म्हणाल्या, “मी थांबते हो, मालन. पण मला फार थांबवू नकोस.”

घरी येऊन मालनबाई मशीनवर बसल्या आणि एकाच बाहीला दोनदा उलटी टीप मारली. जयवंतराव चहा घेऊन शेजारी बसले.

“तू खरं बोललीस, यावर भांडतंय कोण?” ते म्हणाले. महिन्याचा कोटा एका बैठकीत संपवायचा त्यांचा विचार दिसत होता. “त्यांनी विचारलं काय?”

“स्वभाव विचारला. स्वयंपाक विचारला.”

“तव्याचं कुणी विचारलं?”

मालनबाईंनी पायडल थांबवलं. तव्याचं कुणीच विचारलं नव्हतं. मामी हसाव्यात म्हणून तो सांगितला होता. आठ महिने त्या ‘खरं, खरं’ म्हणून ज्याच्याआड उभ्या होत्या, ती साधी चहाडी होती, आणि सांगताना गोड लागली होती.

सोमवारी सकाळी आनंदीबाई चकल्या तळत होत्या. मालनबाई दारात उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर, हात रिकामे.

“वहिनी, खरं बोलले त्याची माफी मागायला आलेली नाही.”

“मगे कशाक इलंस?” झारा तेलाबाहेर आला.

“तव्याची माफी मागायला. ते मला कुणी विचारलं नव्हतं. पाहुण्यांना हसवायला मी तुमची पोर वापरली. मजा आली म्हणून सांगितलं. ते पाप झालं माझ्याकडून.”

घाणा काळा पडत होता तरी आनंदीबाईंचं लक्ष नव्हतं. आतून रूपाली बाहेर आली, कामावर जायच्या कपड्यांत.

“मावशी, रागीट म्हणालात त्याचा मला राग नाही. मी आहेच. तुम्ही हसलात ना, ते लागलं. माझा पहिला फ्रॉक तुम्ही शिवलेला.”

मालनबाईंचे डोळे भरले. “चुकले गं पोरी.”

“आणि तो तवा नव्हता,” रूपाली म्हणाली. “कढई होती.”

“कढई?”

“हीच,” आनंदीबाईंनी गॅसवरच्या कढईकडे बोट दाखवलं. “कान बघ तिचो. वाकडो.”

“म्हणजे मी खोटंही बोलले!” मालनबाई मटकन उंबऱ्यावरच बसल्या. चेहरा असा पडला, जणू चाळ कोसळली. “अगं देवा, आता त्या करी रोडच्या मामींना कळवायला हवं...”

“खबरदार!” मायलेकी एकदम ओरडल्या. आधी रूपालीला हसू फुटलं, मग आनंदीबाईंना. इतकं की त्यांना झारा खाली ठेवावा लागला. “ऊठ गो, उंबऱ्यावर काय बसतंस! चकली खा. जळकी आसा, पण तुका जळकीच होयी.”

दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारी गंगाधरभाऊंनी विचारलं, आणि मालनबाई उभ्या राहून म्हणाल्या, “आहे. दोघांशीही.” रविवारी भाकर मोडली गेली. मग बायकांच्या बाजूला परात आणि कोमट पाणी आलं. मालनबाईंनी पदर खोचला आणि रखमाबाईंचे पाय धुतले, काटकीसारखे वाळलेले पाय, बोटाबोटांत बोट घालून, हलके पुसून. रखमाबाई म्हणाल्या, “वेळेत आलीस.”

दुपारी त्या परतल्या तर आनंदीबाई गॅलरीत वाटच बघत होत्या. मार्गशीर्षात रूपालीसाठी नवं स्थळ येणार होतं, दादरचं.

“मालन, खरा सांग हां. ती माणसा चौकशीक तुझ्या दारात इली, तर काय सांगशीत?”

मालनबाईंनी चपला काढल्या, दाराला कुलूप होतं ते उघडलं आणि वळून म्हणाल्या, “विचारतील तेवढंच सांगेन, वहिनी. रूपालीचं विचारलं तर काळजी नाही. तिच्या आईचं विचारू नये, एवढी प्रार्थना मात्र तुम्ही तुमच्या देवाकडे करा, मी माझ्या देवाकडे करते.”