तपासणीत न सापडलेला डक्ट

पनवेलला फ्लॅट घ्यायच्या आधी आम्ही तपासणीवाला बोलावला होता. त्याने फरशी ठोकून बघितली, भिंतींना ओल मोजायचं मशीन लावलं, बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून उतार बघितला. शेवटी पप्पांना म्हणाला, "बिनधास्त घ्या." घेतला.

त्याची तरी काय चूक? तो आला मंगळवारी दुपारी, अख्खी बिल्डिंग कामावर. बाथरूमच्या खिडकीमागचा पाइपांचा डक्ट तेव्हा गप्प होता. राहायला गेल्यावर कळलं, वरच्यांनी गुळणी केली तरी आमच्याकडे ऐकू येते. वरचं खाली येतं, तसं खालचंही वर जात असेल, हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्यात मावशीने उरणवरून टोपलीभर जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, पाठवला. अर्धाच सुकलेला. दोन दिवस कडक ऊन नाही मिळालं तर सगळा फुकट. ऊन फक्त टेरेसवर, आणि टेरेसची चावी वरच्या मजल्यावरच्या सेक्रेटरीकाकांकडे. आई दोनदा जाऊन आली. "मीटिंगमध्ये ठरवू, वहिनी," एवढंच उत्तर.

"मीटिंग होईपर्यंत जवला काय थांबनार हाय?" आई रडकुंडीला आली.

तिला हसवायला मी आंघोळ करता करता काकांचा आवाज काढला. नाकातून, आधी खाकरून. "अहेम्. वहिनी, टेरेस सोसायटीची आहे. ऊनपण सोसायटीचं आहे. जवळ्याने आधी अर्ज करावा. दोन प्रतींत."

बाहेर आई खो खो हसली. तेवढ्यात परत खाकरल्याचा आवाज आला. मी खाकरलो नव्हतो.

"तीन प्रतींत," डक्टमधून काका म्हणाले.

"मेल्या, गेली माजी चावी!" आई ओरडली.

कपडे चढवून माफी मागायला वर पळालो. काका दारातच उभे.

"परत काढ."

"काका, सॉरी..."

"अरे, काढ!"

काढला. आतून काकू म्हणाल्या, "खाकरणं अजून लांबव. यांचं संपतच नाही."

काकांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "टँकरवाल्याशी बोल. असाच. मी सकाळपासून ओरडून दमलोय."

मी काका होऊन त्याला झापलं. "निघालाय साहेब, कोन गावापर्यंत आलाय," तो घाबरून म्हणाला.

काकांनी खिळ्यावरची चावी काढून दिली. "दोनच दिवस. आणि वारा बघून पसरा म्हणावं."

आईने टेरेसवर जुनी साडी अंथरून जवळा पसरला आणि मला राखणीला बसवलं. मी काकांचा आवाज काढला, पप्पांचा काढला. कावळे एकालाही घाबरले नाहीत.