मुदत संपलेला पावणा

माझ्या सासऱ्यांना मी एकदा घरातून हाकललं होतं, आणि तेही कॉम्प्युटर वापरून.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. (शाहूपुरीत आमचं पंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की मी 'वायसर?' एवढंच विचारतो.) त्यामुळे ही गोष्ट इतकी वर्षं पोटात राहिली. आज सांगून टाकतो. या वयात तसंही पोटात काही ठरत नाही!

दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये एका भिंतीला कॉम्प्युटर होता, त्याला लागून फोन, आणि माझ्या खुर्चीच्या बरोबर पाठीमागं दिवाण. पुढचं सगळं रामायण या मांडणीमुळं घडलं.

तो कॉम्प्युटर सुरू करायचा म्हणजे बटण दाबायचं, अंघोळ करायची, पोहे खायचे, आणि मग येऊन बघायचं. तरी वाळूचं घड्याळ फिरतच असायचं! कारण काय, तर आजवर त्यात जे जे कुणी घातलं, ते ते सकाळी आपणहून उठून बसायचं. प्रिंटर जळाला होता, पण त्याचा प्रोग्राम रोज प्रिंटरला हाका मारत यायचा. लेकीनं घेतलेलं एक माकड पडद्यावर उड्या मारायचं. एक जण परदेशातल्या कुठल्याशा गावाचं तापमान सांगायचा. (तिथं बर्फ पडतंय हे कळून मी कोल्हापुरात काय करायचं? स्वेटर घालू?) आणि सगळ्यांत भारी होता व्हायरसचा राखणदार. त्याची सीडी माझा मेव्हणा बसू यानं निपाणीहून मोठ्या कौतुकानं पाठवलेली. राखणदाराची मुदत कधीच संपली होती. पण रोज सकाळी तो 'मुदत संपली' अशी पाटी घेऊन मध्ये उभा राहायचा आणि सगळ्यांत जास्त मेमरी खायचा.

आमचा कॉम्प्युटर जोडून देणारा मित्र दिलप्या म्हणाला, "आरं, ह्ये सगळं पावणं हायत. न बोलवता येत्यात आन् पंगतीला पयलं बसत्यात!"

तेव्हापासून आमच्या दोघांच्या बोलण्यात हे प्रोग्राम म्हणजे 'पावणं' आणि तो राखणदार म्हणजे 'म्हातारा'.

आता खरे पाहुणे. माझे सासरे, म्हणजे मामा, निपाणीहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले होते. दोन दिवसांचं काम. पण रक्तातली साखर उतरेना आणि डॉक्टर रोज 'परवा बघू' म्हणत. मामा जुन्या वळणाचे. लेकीच्या घरी बापानं जास्त दिवस राहू नये, पाणीसुद्धा बेतानं प्यावं, असं मानणारे. रोज जेवताना ते अवघडून विचारायचे, "जावईबापू, आमची अडचण न्हाय न्हवं?"

मी म्हणायचो, "छे."

बस, एवढंच. दुसरा कुणी असता तर 'असं कसं बोलता मामा, घर तुमचंच की' म्हणाला असता. माझं आपलं 'छे.' त्या एका अक्षरावर तो स्वाभिमानी माणूस घरात टिकून होता!

अखेर साखर उतरली. मंगळवार ठरला. आदल्या रविवारी दुपारी माझी बायको गिरिजा लेकीला घेऊन बाजारात गेली. मामा दिवाणावर तोंडावर चादर घेऊन पडले होते. मी दिलप्याला फोन लावला. कमी बोलणारा असलो तरी मी कोल्हापूरचा आहे. फोनवर आम्ही असं बोलतो की मधली तार उगाच आहे असं वाटावं. आता माझंच बोलणं ऐका, कारण मामांनीही तेवढंच ऐकलं.

"दिलप्या, आज निकाल लावायचाच. पावण्यांनी जीव नको केलाय!"

"सगळं खात्यात की! काय शिल्लक ठेवत न्हाईत."

"म्हातारा? हाय की अजून! मुदत संपली तरी हलत न्हाय."

"आरं, बायकोच्या म्हायेरनं आलाय म्हणून इतके दिस ठेवून घेतला."

"आन् खाकरतोय किती! डोकं उठतंय."

(या वाक्याकडं मी नंतर येतो.)

"न्हाय, तिला न्हाय सांगितलं. ती बाजारात गेलीया. तवर उरकून टाकू."

"परत आला तर? … मग मुळासकट उपटायचा? बरं, बरं!"

मग दिलप्या सांगेल तसं मी करत गेलो. एक यादी उघडली. प्रत्येक पावण्यापुढं बरोबरची खूण होती. ती काढली की तो उद्यापासून बंद! प्रिंटर गेला, माकड गेलं, बर्फ गेलं. म्हाताऱ्याची खूण काढताना तर मी 'चल, नीघ!' असं मोठ्यानं म्हणालो. पाठीमागं चप्पल वाजल्यासारखी वाटली. पण विजयी माणूस मान वळवत नाही.

कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. चहाचा कप ओठाला लागायच्या आत उघडला! तेवढ्यात गिरिजा दारातून आत आली.

"बघ!" मी ओरडलो. "सगळे पावणे हाकलले! घर कसं मोकळं झालं!"

गिरिजानं रिकाम्या दिवाणाकडं बघितलं. त्यावर चादरीची चौकोनी घडी होती.

"अप्पा कुठं हायत?"

खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातूनच म्हणाल्या, "तुझे अप्पा? रिक्षानं स्टँडवर गेले की! मी विचारलं, काय हो पावणं, निघालासा? तर म्हणाले, आमची मुदत संपली."

गिरिजानं माझ्याकडं बघितलं.

"काय बोललासा तुम्ही त्यांना?"

"मी? मी कधी काही बोलतो का?"

"परवा ऑपरेशन हाय. एकदा निपाणीला गेले की ते परत याचे न्हाईत. आणि अहो, त्यास्नी एसटीची पाटी तरी दिसती का?"

स्कूटर कशी हाणली ते माझं मला ठाऊक. स्टँडवर निपाणीच्या दोन गाड्या उभ्या होत्या. दोन्हींत मामा नव्हते. मी 'मामा, मामा' करत फलाटावर धावतोय, दोन-चार अनोळखी भाच्यांचे मामा वळून बघतायत, आणि एवढ्यात पलीकडच्या गाडीतून आवाज आला.

खाकरण्याचा!

जन्मात एवढा गोड आवाज ऐकला नव्हता. मामा खिडकीपाशी, मांडीवर पिशवी घेऊन, ताठ बसले होते.

"मामा, ही रत्नागिरीची गाडी हाय."

मामांनी मांडीवरची पिशवी सरळ केली. मग म्हणाले, "ठाव हाय मला. समुद्र बघाय निघालोय."

"मामा, ऐका की! ते तुमच्याबद्दल नव्हतं. कॉम्प्युटरबद्दल होतं."

"व्हय? कॉम्प्युटर म्हातारा झाला?"

"कॉम्प्युटर न्हाय, त्याच्यातला राखणदार."

"त्यो बायकोच्या म्हायेरचा हाय?"

"बसूनं सीडी दिल्ती."

"आन् त्यो सगळं खातोय?"

"मेमरी खातो, मामा!"

मागच्या बाकावरच्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "सासऱ्याला उपाशी ठेवलंय वाटतं." कंडक्टर म्हणाला, "ओ पावणं, भांडण रत्नागिरीपर्यंत हाय का? मग दोन तिकिटं काढा. न्हायतर उतरा."

मामा उतरले. पण अट घालून. "दाखवा म्हातारा. दिसला तर ऱ्हातो."

घरी आलो. मामा, गिरिजा, लेक आणि चौकशीला वर आलेल्या काकू असे सगळे पडद्यापुढं बसले. मी बटण दाबलं. कॉम्प्युटर झटक्यात उघडला. स्वच्छ, निर्मळ, रिकामा!

"कुठं हाय म्हातारा?" मामा.

"काढला."

"आन् बाकीचं पावणं?"

"हाकलले."

"अय्यो! म्हंजी कोणच न्हाय?"

खुनाच्या आरोपीनं पुरावा नष्ट करावा, तसा माझ्या सुटकेचा पुरावा मी स्वतःच्या हातानं पुसला होता! मग काय, ज्यांना घालवायला आख्खी दुपार घातली, त्यांना एकेकाला खूण करत मी परत बोलावलं. या माकडराव. या प्रिंटर. बर्फाला पण राहू दे. पुन्हा बटण दाबलं. वाळूचं घड्याळ फिरू लागलं. काकूंचा चहा झाला. गिरिजानं वाटाणे सोलले. आणि शेवटी 'मुदत संपली' ही पाटी घेऊन म्हातारा पडद्याच्या मधोमध उभा राहिला. काय त्याचा थाट! मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

लेकीनं पाटीचा अर्थ आजोबांना मोठ्यानं समजावून सांगितला. मामा एका डोळ्यानं बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "खरं हाय. पन ह्यो खाकरंना की."

आता त्या वाक्याकडं येतो. राखणदाराला आवाजच नव्हता. दिलप्यानं मध्येच विचारलं होतं, 'सासरे हायत काय अजून?' आणि मी, जन्मभर 'छे'वर भागवणारा माणूस, त्या एका वाक्यात नको तेवढं खरं बोललो होतो.

"आज गप हाय," मी पडद्याकडं बघत म्हणालो.

मामांनी माझ्याकडं बघितलं. मोतीबिंदूच्या डोळ्यानंसुद्धा मी त्यांना आरपार दिसलो असणार. मग त्यांनी स्वतःच, चांगलं दणदणीत, खाकरून घेतलं.

"घ्या. खाकरला," ते म्हणाले. "आता त्येला काढू नगासा, जावईबापू. म्हायेरचा हाय."

मंगळवारी ऑपरेशन झालं. मामा त्यानंतर चांगले पंधरा-वीस दिवस राहिले आणि पहाटे बिनघोर खाकरत राहिले. म्हाताऱ्याची खूण काढायची माझी पुन्हा छाती झाली नाही. कॉम्प्युटर भंगारात गेला तेव्हासुद्धा तो पाटी घेऊन उभाच होता.

परवा लेकीकडं पुण्याला गेलतो. गुडघा दाखवायचा होता. दोन दिवसांचं काम, पण डॉक्टर रोज 'परवा बघू' म्हणत होते. दुपारी सोफ्यावर पडलो होतो. पाठीमागं जावई फोनवर कुणाला तरी सांगत होता, "फार स्लो झालंय रे सगळं. कायम कुणीतरी मागं चालू असतं."

घशात खवखवत होतं. मी खाकरलो नाही. चादर तोंडावर ओढली, आणि पिशवी कुठं ठेवलीय तेवढं आठवून ठेवलं.