काकांचा गुडघा आणि माझं निवेदन

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या आमच्या मराठी मंडळात दिवाळीच्या कार्यक्रमाचं निवेदन माझ्याकडे असतं. म्हणजे मीच ते कुणाला देत नाही.

यंदा बायकोने शेजारच्या पोर्तुगीज जोडप्याला नाचायला बोलावलं होतं. सत्तरी ओलांडलेली माणसं. आमची मुलं त्यांना काका-काकूच म्हणतात. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून काका नाचले नव्हते. काकूंनी मिनतवाऱ्या करून त्यांना कसंबसं तयार केलं होतं.

"दोनच वाक्यं बोल," बायकोने बजावलं. "काकांना फार वेळ उभं राहवत नाही."

दोघं स्टेजवर आले, हात वर करून समोरासमोर उभे राहिले. मी माइक घेतला.

"या लोकनृत्याचं नाव विरा. पोर्तुगीजमध्ये 'विरार' म्हणजे वळणं..."

हॉलमधले मुंबईकर खदखदून हसले. झालं! हशा मिळालेला निवेदक आणि उतारावरची गाडी, दोन्ही थांबत नाहीत. 'विरार'चं मूळ लॅटिनमध्ये नक्की कुठे, यावर पंडितांचं कसं एकमत होत नाही. नाचताना कुणी 'विरा!' ओरडलं की त्याच नावाचा 'वळा!' असा हुकूम कसा होतो. मग पोर्तुगालचा मिन्यो प्रांत, तिथली शेतं... आठवडाभर वाचलेलं वाया कसं घालवणार? माझ्या मागे चार हात हळूहळू खाली येत होते.

"अरे यार, नाचू दे ना त्यांना!" हॉलच्या शेवटच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.

वळून पाहिलं तर काका गुडघा चोळत खुर्चीवर बसलेले. काकूंचा चेहरा उतरला होता. त्या माझ्याकडे आल्या, माझ्या हातातला माइक काढून स्टेजच्या कडेला उभ्या बायकोच्या हातात दिला आणि माझं मनगट धरलं.

"एवढं कळतं ना तुला? चल, नाच."

गाणं सुरू झालं. सिल्कचा कुर्ता, घसरणारी मोजडी आणि मी. खुर्चीतून काका ओरडले, "विरा!" काकू डावीकडे वळल्या. मी उजवीकडे वळलो आणि थेट आकाशकंदिलात डोकं घातलं.

"डॅड, प्लीज स्टॉप!" पहिल्या रांगेतून माझी लेक.

काका हसत हसत खुर्चीचा हात धरून उठले. "हो बाजूला. बायको माझी आहे."

त्यांनी एकच गिरकी घेतली. सावकाश, तो पाय जपत. काकूंनी मात्र त्यांच्याभोवती अशी धमाल उडवली की अख्खा हॉल उभा राहिला.

आभार मानायला मी हात पुढे केला. बायकोने माइक पाठीमागे लपवला.